भंडारा तिनं उचलला होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या चुलत्यानं मला शिकायला सांगलीला धाडलं, त्याला नाही. दोन घोट पोटात गेले की एकमेकांचं सगळं ऐकून घेणारा एक मित्र आहे – त्यालाही नाही. त्याच्यासमोर एकदा अगदी ओठांवर आलं होतं, आणि मी ऐनवेळी दुसरंच काहीतरी कबूल करून टाकलं. लहानसं, हसण्यासारखं. तो हसला, मीही हसलो, आणि खरं ते पुन्हा आत गेलं. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. वाचता वाचता माझ्याबद्दल माया वाटायला लागली, तर तिथंच थांबा. तुमच्या मायेचं मी काय करू?

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका संस्थेत जनुकशास्त्र शिकवतो. गाव म्हसवडच्या पुढं, माळावर. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना कृष्णाकाठचा ऊस दिसतो. आमच्याकडं बाभळी आणि दगड. आजा मेंढरं घेऊन दसऱ्यानंतर कोकणात उतरायचा तो पावसाच्या तोंडाला परत यायचा. बापानं मेंढरं कमी केली आणि डाळिंब लावलं. मी शिकलो. एवढीच गोष्ट आहे – पण ही गोष्ट मी किती वेळा विकली असेल!

कारण आमच्या संस्थेत एक योजना आहे. धनगर, भटके, मागास वस्त्यांमधली मुलं – एमएस्सीपर्यंत कशीबशी येतात आणि तिथून गळतात. त्यांना वर्षभर प्रयोगशाळेत घ्यायचं, जनुकशास्त्राच्या संशोधनाचं प्रशिक्षण द्यायचं, फेलोशिप द्यायची, आणि जे टिकतील त्यांना पुढं पीएचडीला बसवायचं. या योजनेचा समन्वयक मी. बाहेरचं कुणी आलं की आमच्या विभागप्रमुख बाई मला पुढं करायच्या. "हे आमचे सर. मेंढपाळाच्या घरातले. एक चूक दाखवा यांच्या कामात." पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायचे – जत्रेत नंदीबैलाकडं बघतात तसं. मला त्याचा राग यायचा. आणि बाई एखाद्या वेळी तसं म्हणायला विसरल्या, तर त्याचाही यायचा.

एक चूक दाखवा. ह्या वाक्यावर मी उभा होतो. ते पायाखालून गेलं असतं तर – काय राहिलं असतं? एक धनगराचा पोरगा, ज्याला कुणीतरी दया येऊन आत घेतलं.

आमच्या संस्थेत ती दया कुणी उघड बोलून दाखवत नाही. प्रयोगशाळेत ईशान नावाचा एक मुलगा होता, पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकलेला, हुशार, कामात हात सफाईदार. तो योजनेतल्या मुलांना 'स्कीमवाले' म्हणायचा. त्यांनी पिपेट हातात घेतलं की म्हणायचा, "सावकाश, ते चाबकासारखं धरू नका." सगळे हसायचे. मी तिथंच असायचो. मी हसायचो नाही, हे खरं. पण मी त्याला थांबवायचो का? मी खिडकीतून बाहेर बघायचो. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. येतोय, हळूहळू – मला माहीत आहे मी रेंगाळतोय.

आमच्या वस्त्यांवर एक आजार आहे. तिशीच्या आत-बाहेर माणसाच्या पायांतली ताकद जायला लागते. मग हातांतली. घराण्यात उतरतो. मामाच्या पोरीशी लग्न करायची आमच्याकडं पद्धत, त्यामुळं तो घरातल्या घरात फिरत राहतो. आमच्या विभागानं त्याचा अभ्यास हाती घेतला, आणि रक्ताचे नमुने आणायला मला पाठवलं. दुसऱ्या कुणाला त्या वस्त्यांवर पाणीही मिळालं नसतं.

तात्या – माझा चुलता, ज्यानं मला शिकवलं तो – वस्तीचा कर्ता माणूस. मी संमतीचे कागद काढले तसा तो म्हणाला, "ही कागदं तुझ्या हापिसच्या बाईला दाखीव. आमाला ते कळत न्हाई. तू भंडारा उचल."

भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. ती उचलून कपाळाला लावली आणि शब्द दिला, की तो शब्द मोडत नाही. कोर्टात खोटं बोललेला माणूस आमच्याकडं ताठ मानेनं फिरतो. भंडारा उचलून मोडला, तर त्याच्या चुलीवरचा चहा कुणी घेत नाही. आणखी एक. ज्यानं उचलायला लावला, त्यानंच समोर उभं राहून तोंडानं 'मोकळा' म्हटल्याशिवाय उचलणारा सुटत नाही.

"काय म्हणून उचलू, तात्या?"

"म्हण की ह्या रगताचा आमाला उपेग हुईल. आन म्हण की तुझ्या त्या काचंच्या खोलीत आपल्यातलं एक तरी पोरगं बसंल. तू एकटा किती दिस बसणार हायीस तिथं?"

मी उचलला. मनात काहीच हललं नाही. एवढी वर्षं मी डीएनए वाचतोय, हळदीला मी काय घाबरणार?

लोकांनी हात पुढं केले. आणि इथं माझी चूक झाली. नियम असा – रक्त ट्यूबमध्ये घेतलं की त्याच मिनिटाला छापील नंबर चिकटवायचा, आणि तोच नंबर माणसाच्या नावापुढं लिहायचा. नाव ट्यूबवर नाही, नंबरच. वारा होता, धूळ होती, घामानं लेबलं निघत होती. खरं सांगू? हे काहीच कारण नव्हतं. कारण असं, की मला लाज वाटली. ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळलो त्यांना नंबर द्यायचा? मी यांना ओळखतो ना. मी पेननं ट्यूबवर नुसती नावं लिहिली आणि ठरवलं, नंबर सांगलीत जाऊन लावू.

आमच्यात पोराला आज्याचं नाव ठेवतात. एका आज्याचे नातू म्हणजे एका नावाची चार पोरं. त्या वस्तीवर दोन नाथा होते, चुलतभाऊ, एकाच वयाचे. दोघांच्या ट्यूबवर मी 'नाथा' लिहिलं. कोणता कुठं ठेवलाय ते लक्षात होतं. गाडीनं वाटेत आचके खाल्ले, खोक्यातल्या ट्यूब इकडच्या तिकडं झाल्या, आणि सांगलीत मी अंदाजानं, हातानंच नंबर लिहून लावले. नाथांचेच नाही – आणखीही काही नावं तशीच दुहेरी होती. फ्रीजरचं दार बंद केलं आणि विसरून गेलो.

बाहेरचा कुणी गेला असता तर त्यानं ही चूक केली नसती. त्यानं मुकाट नंबर लावले असते.

पण ही माझी कबुली नाही. चूक कुणाकडूनही होते – थांबा.

पुढच्या वर्षी योजनेत सारिका आली. तात्याच्या पोरीची पोरगी, नात्यानं माझी भाची. एमएस्सी पहिल्या वर्गात पास झालेली. मुलाखत बाईंनीच घेतली होती, मी बाहेर बसलो होतो, तेवढं मी सरळ वागलो. ती आली तेव्हा तात्याचा फोन आला. "बसली का पोरगी काचंत?" म्हटलं, बसली. पलीकडं त्यानं ते ओरडून कुणाला तरी सांगितलं. मग म्हणाला, "ठिवतो."

ती गरीब गाय वगैरे नव्हती, तसं काही मनात आणू नका. तोंडाळ होती. उलट बोलायची. ईशान तिला एकदा म्हणाला, "तुमच्याकडं मेंढ्या मोजता मोजता झोप येते म्हणे." ती म्हणाली, "आमच्याकडं मोजताना झोपलं की मेंढरू जातं. तुमच्याकडं काय जातं?" तेव्हापासून तो तिच्या वाटेला जपून जायचा. सगळ्यांसमोर ती नीट पुस्तकी बोलायची, चिडली किंवा घाबरली की माळावरचं निघायचं. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, इथं मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. तिनं मान डोलावली. मला वाटलं, तिला लागलं असेल. मग वाटलं, लागू दे. मलाही मामा म्हणायला कुणी नव्हतं इथं, मी नाही का निभावलं?

तिला काम दिलं होतं ते वस्तीच्या ट्यूबचंच. फ्रीजरमधून काढायच्या, डीएनए वेगळा करायचा, नव्या छोट्या ट्यूबमध्ये भरून त्यांना नवे नंबर चिकटवायचे. ती हे काम आवडीनं करायची. तिच्यापुढं जे रक्त होतं त्यात तिच्या आईचंही होतं.

काही महिन्यांनी निकाल यायला लागले. एक दिवस भर दुपारी ती मला पार्किंगमध्ये गाठून उभी राहिली. मी गाडीचं दार उघडत होतो.

"मामा, एक घोळ हाय."

"सर म्हण."

"लॅबमधी न्हाई आपुन. पार्किंगमधी हाय." मग खाली बघून म्हणाली, "नाथाच्या पोराचं त्याच्या बापाशी जुळंना."

असं निघालं की प्रयोगशाळेत पहिल्यांदा सगळे आईकडं संशयानं बघतात, आणि तोंडानं कुणी काही बोलत नाही. माझा चेहरा तसा झाला असावा.

"आवं, तसं तोंड करू नगा. नाथाची बायकू तशी न्हाई. तुमचं लेबल तसं हाय." ती हसली नाही. "ह्या नाथाचं त्या पोराशी जुळतंय, त्या नाथाचं ह्या पोराशी. तुमी दोन्ही नाथाची अदलाबदल केलीया. आन मला वाटतं आणिक बी हाईत. मी दोघं-तिघं बघितलं."

"तुला कसं कळलं मी केली? तू नंबर लावलेस ना नवे?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मी जुन्याचं बघून नवं लावलं. जुनं तुमच्या हातचं हाय, मामा. तुमी आकडा सात काढता ना, मधी आडवी रेघ देऊन."

बरोबर होतं. मी आत बघितलं – स्वतःच्या आत – आणि मला कळलं, की तिथं कुणीच घाबरलेलं नाहीये. तिथं एक हिशेबी माणूस बसलाय. तो म्हणाला, ही बाईंकडं न जाता तुझ्याकडं आलीय. का? कारण तू मामा आहेस. मामावर कागाळी करायची नसते. तिनं मला माझी अब्रू परत द्यायला गाठलं होतं – जा, तूच सांग, आधी सांगितलंस तर काही होणार नाही. खरंच काही झालं नसतं. बाई चिडल्या असत्या. परत रक्त घ्यायला जावं लागलं असतं. आणि ते वाक्य – एक चूक दाखवा – ते मोडलं असतं. बस, एवढंच.

"मी बोलतो बाईंशी," मी म्हणालो. "पण मी बोलेपर्यंत तू कुणाला सांगायचं नाहीस."

"न्हाई सांगत."

"तसं नाही."

माझ्या गाडीत पुढच्या काचेखाली भंडाऱ्याची पुडी असते. आई ठेवते, मी काढत नाही. मी ती काढली, उघडली, तिच्यापुढं धरली.

"उचल."

तिला हसू आलं. "मामा, तुमी शास्त्रज्ञ मानूस." मग माझ्याकडं बघितलं आणि हसू गेलं. उन्हानं डांबर मऊ झालेलं होतं. तिनं चपला काढल्या, त्या डांबरावर उभी राहिली, हात ओढणीला पुसला आणि चिमूट उचलून कपाळाला लावली. पाय भाजत असणार. तिनं ते दाखवलं नाही.

"बिरोबाच्यान, तुमी सांगंपतुर मी न्हाई सांगायची."

मी तेव्हाच ठरवलं होतं का, की सांगायचं नाही? हा प्रश्न मी स्वतःला खूप विचारला आहे. मनात नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मनात होतं. पुडी हातात घेतली तेव्हाच होतं. नाहीतर पुडी कशाला काढली असती? ज्याला उद्या खरं सांगायचंय, त्याला आज कुणाचं तोंड बांधायची काय गरज?

मी बोललो नाही. ईशानला तो घोळ पुढच्याच आठवड्यात दिसला आणि त्यानं सगळ्यांसमोर काढला.

बाईंनी सगळ्यांना गोल मेजाभोवती बसवलं. बाई वाईट नाहीत, कडक आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "नंबर कुणी चिकटवले?"

एकेक मान सारिकाकडं वळली. शेवटची ट्यूब तिच्याच हातातली ना. सारिका माझ्याकडं बघत होती. घाबरून नाही. वाट बघत होती – आपल्या माणसानं उठून दोन शब्द बोलायचे आहेत, आता बोलेल, घसा साफ करतोय, आता बोलेल.

मी बोललो. ते शब्द जसेच्या तसे सांगतो. "मॅडम, ही मुलं कुठून येतात ते आपण बघायला हवं. यांना या शिस्तीची सवय नसते. नवीन आहे, शिकेल. आपण जरा समजून घेऊ."

हीच माझी कबुली. शिवी नव्हती, आरोप नव्हता. मी तिची बाजू घेतली. अशी बाजू घेतली, की पुन्हा कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. ती चूक तिची ठरली, आणि माझ्या तोंडून ठरली – तिच्याच गावच्या, तिच्याच जातीच्या, एकही चूक नसलेल्या माणसाच्या तोंडून. मी दुष्टपणे बोललो असतो तर कुणीतरी तिच्या बाजूनं उभं तरी राहिलं असतं.

ईशान म्हणाला, "म्हणजे आम्हीपण चुकलो तर चालेल का, मॅम? की समजून घेणं फक्त स्कीमवाल्यांना?"

दोघं-तिघं हसले. बाईंनी त्याला दटावलं आणि सारिकाला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

ती उभी राहिली. "चूक झालीया," ती म्हणाली. "कुणाची ती मला सांगता येत न्हाई."

'झालीया' ऐकून पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं. बाईंना वाटलं, ती माफी टाळतेय. मला माहीत होतं, ती अक्षर न् अक्षर खरं बोलतेय. सांगता येत नाही. मी माझ्या हातानं तिचं तोंड बांधलं होतं, आणि आता सगळे तिला विचारत होते, बोलत का नाहीस.

तिला काढलं नाही. त्याहून वाईट केलं. मशीनवरून उतरवलं, काचेची भांडी धुवायला दिली, ट्यूबला हात लावू द्यायचा नाही म्हणून सांगितलं. त्या खोक्यातलं सगळं रक्त टाकून दिलं – कुणाचं कुठलं, भरवसा नाही म्हणून. तात्याचं, सारिकाच्या आईचं, दोन्ही नाथांचं. एव्हाना त्या दोघांतल्या एका नाथाचे पाय गेले होते.

सारिका टिकून राहिली. किती दिवस, मी मोजले नाहीत. जिन्यात भेटली की एवढंच विचारायची, "कवा, मामा?" मी म्हणायचो, "बघतो." पुढं तिनं तेही विचारणं सोडलं. एक दिवस माझ्या खोलीत आली, दार ओढून घेतलं आणि बसली. मी बस म्हटलं नव्हतं.

"मी जातीया."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, थोडं थांब, वर्ष पुरं कर, पीएचडीचं मी बघतो. हे मी तिला म्हणालो. ती ऐकून घेत होती, आमच्याकडं बाया बाजारातल्या खोट्या वजनाकडं बघतात तशी माझ्याकडं बघत.

"मामा, भिऊ नगा. मी उचललाय, मी न्हाई बोलायची. पर तुमी बी उचलला व्हता. आज्यासमोर. मी तवा तिथंच व्हते, चुलीपाशी." मग उठली. "चहा तरी पाजायचा व्हता, मी यवढ्या लांबनं आली तुमच्या दारात."

तिची जागा रिकामी झाली. बाईंनी मला म्हटलं, "वाईट वाटतं, पण हे असंच होतं बघा." मी हो म्हणालो.

इथं मी थांबलो असतो तर ह्याला भित्रेपणा म्हणता आलं असतं. भित्र्या माणसाला तुम्ही एखादे वेळी क्षमाही कराल. पण याच्या पुढंही आहे, आणि पुढचं जे आहे त्यात मला भीती नव्हती. सवय झाली होती.

वर्षभरानं तिचा फोन आला. लांबच्या एका मोठ्या संस्थेत तिनं अर्ज केला होता, तसल्याच प्रशिक्षणासाठी. लेखी परीक्षेत पास झाली होती. मुलाखत बाकी होती.

"मामा, ती इचारणार, पयलं का सोडलं. मला मोकळं करा. मी तुमचं नाव न्हाई घ्यायची. यवढंच सांगीन, लेबल माझं नव्हतं."

मोकळी. एक शब्द होता. तो मला काही बिरोबासाठी म्हणायचा नव्हता, हळदीवर माझा विश्वासही नाही. तिचा होता. माझ्या तोंडातून निघाला असता आणि ती सुटली असती. आणि मी – लक्ष देऊन वाचा – मी तिला नियम सांगितला. म्हणालो, "असं फोनवर नसतं मोकळं करत. समोर उभं राहावं लागतं. तुला ठाऊक आहे."

ती म्हणाली, "व्हय. ते बी खरं." आणि मग, "मंग कवा येताय?"

"बघतो," मी म्हणालो.

ती मुलाखतीला गेली. मला हे कळायचं कारण नव्हतं, पण मुलाखत घेणाऱ्यांत माझ्या ओळखीचे एक जण होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "तुमच्याकडं होती म्हणे ही मुलगी. अर्धवट का सोडलं? ती सांगते, घरच्या अडचणी."

तिनं खोटं सांगितलं होतं. शब्द पाळण्यासाठी तिनं स्वतःवर खोटं घेतलं होतं. आता मला फक्त गप्प बसायचं नव्हतं, मला होय म्हणायचं होतं.

"होय," मी म्हणालो. "घरच्याच."

"पोरगी हुशार वाटली. पण परत तसंच करेल का?"

मी विचार केला. खरंच केला, घाईत बोललो नाही. "सांगता येत नाही," मी म्हणालो. "या मुलींचं सांगता येत नाही."

तिला घेतलं नाही.

नुकताच आमच्या योजनेचा आढावा झाला. बाहेरून मंडळी आली होती. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, माण-आटपाडीकडून, खुद्द तुमच्या भागातून, आता कुणीच का येत नाही? मी उठलो. माझंच काम ते. म्हणालो, आम्ही दार उघडं ठेवलंय, पण आलेल्या मुली टिकत नाहीत, घरच्या अडचणी असतात, समाजाचंही प्रबोधन व्हायला हवं. त्यांनी ते लिहून घेतलं. प्रमुख बाईंनी पाहुण्यांना सांगितलं, हे आमचे सर, मेंढपाळाच्या घरातले. त्यानंतर जेवण होतं. मी व्यवस्थित जेवलो.

गावात खरं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. तात्यालाही नाही. तो मला अजून ओट्यावर पहिला चहा देतो, आणि मी तो घेतो. सारिकाला नावं ठेवतात – एवढी शिकवली, फुकट गेली.

ती आता विट्याला असते. तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. लग्न झालंय, मूल आहे, असं ऐकलं. पीएचडीला बसायचं वय अजून गेलेलं नाही, पण आता तिला कोण बसवणार?

हे छापून आलं म्हणून ती मोकळी झाली, असं कुणी समजू नये. कागदावर मोकळं करता येत नाही. समोर उभं राहून, तोंडानं म्हणावं लागतं. सांगलीहून विट्याला जायला मला एक सकाळ पुरेल. मी गेलेलो नाही.